बारीक माणसाची चरबी

इंदुरात आपलं काय दुखतंय हे मोठ्यांदा बोलायची सोय नाही. बोललात की गल्लीभर सल्ले मिळतात, आणि सगळ्यांचा शेवट एकच: वजन उतरवा. गुडघा दुखतोय, वजन उतरवा. टाच दुखतेय, वजन उतरवा. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या हातात पोह्यांची प्लेट असते, वर मूठभर शेव, त्यावर जीरावण हा इंदुरी मसाला आणि शेजारी गरम जिलबी, ती बाब निराळी.

हा सल्ला आमच्या मामींपुढे मात्र अडतो. मामी काडीपैलवान. त्यांनी वजन उतरवायचं ठरवलं तर उतरवायला आहेच काय? तरी कमरेतली गादी सरकली आणि उजवा पाय धरला. आता ‘एल-फोर, एल-फाइव्ह’ ही कमरेतल्या मणक्यांची नावं त्या ओट्याशी उभ्या राहून जिरं-मोहरी म्हणावं तितक्या सहज म्हणतात. कळा येतात त्या त्यांनी सोसल्या. सोसवत नाही तो स्पर्श. डिसेंबरात अख्खं घर रजईत गुरफटलेलं असतं आणि मामींचा एक पाय बाहेर, उघडा. रजई पायावर पडली की भाजल्यासारखं होतं. साडीचा फॉल पोटरीला लागला तरी त्या पाय झटकतात. नातू लाडात येऊन पायावर डोकं टेकवतो, तेव्हा त्याला ‘ऊठ’ म्हणणंही जिवावर येतं आणि न म्हणणंही. नागीण उठून गेल्यावर ज्यांना सदरा अंगाला टोचायचा, त्यांना हे वेगळं समजावायला नको. बाकीच्यांना मात्र ते नाटक वाटतं. हलक्या हातानं कसं दुखेल? जखम तर दिसत नाही!

दुखतं. स्पर्शाची खबर वेदना होऊन मेंदूत पोचते, हा नसेच्या दुखापतीनंतरचा एक ओळखीचा प्रकार आहे. आणि तो का होतो याच्या उत्तरात चरबी येते, हे वाचल्यापासून माझं त्या ‘वजन उतरवा’कडे बघणंच बदललं.

चरबी म्हणजे शरीराचं कोठार, जास्त झालं ते तिथे ठेवायचं, एवढंच आपण शाळेतून घेऊन निघालो. कोठार बोलत नसतं. चरबी बोलते, हे पक्कं कळलं ते १९९४ साली. अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी एका जातीच्या गलेलठ्ठ उंदरांमधलं बिघडलेलं जनुक शोधून काढलं. ही उंदरांची जात त्याआधी ४५ वर्षं मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत सापडली होती. खात सुटायची, थांबायचंच माहीत नाही. जनुक सापडलं तेव्हा कळलं, की चरबीच्या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात आणि मेंदूला कळवतात, ‘पुरे, साठा आहे.’ या उंदरांत ते तयारच होत नव्हतं. त्याचं नाव लेप्टिन. मग वाटलं, आलं हाती लठ्ठपणाचं औषध. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर निघालं. मेंदूच ते ऐकेनासा झालेला. सासूच्या रोजच्या सूचनांसारखं, कानावर पडतं आणि पुढे जातं.

इथपर्यंत गोष्ट भुकेची. ती दुखण्याकडे वळते २००९ साली, जपानमध्ये. तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या मांडीतली सायटिक नस, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी चेता, अर्धवट बांधून इजा केली आणि मग पंजाची परीक्षा घेतली. ही परीक्षा बघण्यासारखी असते. उंदीर जाळीच्या तळावर उभा, आणि खालून एक बारीक धागा त्याच्या तळव्याला टेकवायचा. धागा वाकला की ठरावीक इतकाच दाब पडला, हे पक्कं. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फॉन फ्राय नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं केसांवर बेतली होती. धडधाकट उंदीर असल्या स्पर्शाची दखलही घेत नाही. नस दुखावलेला उंदीर पंजा उचलतो, झटकतो. थेट आमच्या मामी.

पण लेप्टिन नसलेल्या त्या गलेलठ्ठ उंदरांची तीच नस तशीच बांधली, तर ते पंजा झटकेनात. त्यांना बाहेरून लेप्टिन दिलं, की झटकायला लागले. आणि साध्या उंदरांत लेप्टिनला रोखलं, तर त्यांचंही ते स्पर्शाचं दुखणं उभं राहिना. सगळ्यांत लठ्ठ तोच सगळ्यांत सुखी! हे ऐकून मामांनी लगेच सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, तळलेला गराडू कंद खायला जायची तयारी केली. त्यांना समजावलं, की मामा, त्या उंदराकडे लेप्टिनच नव्हतं, तुमच्याकडे पोटभर आहे.

मला खरा रस वाटला तो पुढच्या भागात. लेप्टिन येत होतं कुठून? पोटावरच्या टायरातून येत असेल असं आपल्याला वाटेल. ते येत होतं नसेच्या अंगावरच्या चरबीतून. सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस, कमरेतून निघते तिथे जवळजवळ अंगठ्याइतकी रुंद. तिच्या बाहेरच्या आवरणात चरबीच्या पेशी असतात. आपण तासन् तास बसतो ते तिच्याच वाटेवर, म्हणून दाब सोसायला ही सोय. नस दुखावली की त्या पेशी लेप्टिन तयार करायला लागतात. मोडतोड निस्तरायला तिथे भक्षक पेशी गोळा झालेल्या असतात. लेप्टिननं त्या चेकाळतात आणि दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात. नस हळवी होते ती त्यात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांच्या मज्जारज्जूतही लेप्टिनचा असाच हात दिसला.

तेव्हा बारीक माणसालाही चरबी असते, आणि नेमकी नको त्या जागी बोलणारी असते. मामींना कुणी ‘तुम्हाला कसलं दुखणं, तुम्ही तर इतक्या हलक्या’ म्हणालं, की मी आता हे पाल्हाळ लावते. जाड माणसांच्या बाजूनंही बोलते. त्यांच्या प्रत्येक कळेचं खापर पोटावर फोडायचं आणि मोकळं व्हायचं, हा आपला जुना आळस. वजन घटलं की रक्तातलं लेप्टिन उतरतं, आणि दाह आवरणारं अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं चरबीचंच दुसरं संप्रेरक वाढतं, हे खरं आहे. सल्ला अगदीच वाया जात नाही. पण तो देताना सूर जो लागतो, तो रसायनशास्त्राचा नसतो.

लेप्टिनला नसेतल्या नसेत गप्प करणारी गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. मामींना मिळते ती प्रेगॅबालिन. ती चेतापेशींची बडबड कमी करते, चरबीला हात लावत नाही, आणि सकाळभर गुंगी आणते.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. मामींनी मटार सोलता सोलता ऐकून घेतलं.

“म्हणजे चरबी माझ्याकडेही आहेच,” त्या म्हणाल्या.

“नसेवर आहे, मामी. ती हवीच असते.”

“असू दे ना. मग मी इतकी वर्षं जिलबीला नाही का म्हणत होते?” आणि आतल्या खोलीकडे तोंड करून, “अहो, सराफ्यात जाताय तर थांबा, मी चप्पल घालते.”