आंबवलेल्या गाळाने आमच्या एसटीपीतला फॉस्फरस कसा उतरला, माझा अनुभव

नाशिकला एका टाऊनशिपच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, मी केमिस्ट आहे. आमचं पाणी नाल्यातून शेवटी गोदावरीतच जातं, आणि खाली एकलहऱ्याकडे पाणवेली किती माजतात ते इथं सगळ्यांनाच माहितीये. त्या वेलींना खत आपल्याच सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचं मिळतं, म्हणून बीओडी (पाण्यातली कुजणारी घाण किती ते सांगणारी टेस्ट) पास झाला की सुटलो हे मला कधी पटलंच नाही.

गेल्या पावसाळ्यात फॉस्फेटची टेस्ट लावली की मॉलिब्डेटचा निळा रंग शाईसारखा गडद यायचा, म्हणजे फॉस्फेट जास्त. पॉलीचा (पॉली ॲल्युमिनियम क्लोराईड, फॉस्फेट खाली बसवणारं रसायन) डोस वाढवला तर फॉस्फेट उतरायचं पण गाळही वाढायचा आणि बिलही. मुळात फॉस्फरस साठवणारे जिवाणू आधी बिनहवेच्या टाकीत ॲसिटिक, प्रोपिओनिक असली ॲसिडं खातात आणि मग हवेच्या टाकीत फॉस्फरस ओढून घेतात, 1 मिलिग्रॅम फॉस्फरसला साधारण 7 ते 10 मिलिग्रॅम ॲसिड लागतं, आणि पावसात सांडपाणी पातळ झाल्यावर ते येणार कुठून?

म्हणून ते ॲसिड गाळ हवेशिवाय आंबवून त्यातूनच काढायचं ठरवलं. रिटर्न स्लजचा (खाली बसलेला, टाक्यांत परत फिरवायचा जिवाणूंचा गाळ) थोडा भाग, शेकडा 10 च्या आतच, एका बंद पडलेल्या टाकीत वळवला, हवा पूर्ण बंद, मिक्सर मधून मधून दहा-पंधरा मिनिटं. पहिल्यांदा आठ-नऊ दिवस ठेवला, तर वर जाड साय आली आणि बुडबुडे सुटले, म्हणजे मिथेनवाल्या जिवाणूंनी आमचं ॲसिड खाऊन टाकलं होतं. मग दोन दिवसांवर आणलं. ओआरपी (जितका उणे तितकी पाण्यात हवा कमी, असं माप) उणे 300 मिलिव्होल्टच्या खाली गेला आणि आमचे ऑपरेटर मामा म्हणाले, "ताई, इडलीचं पीठ जास्त आंबल्यागत वास येतोय बघा." मला तोच वास हवा होता! (वास घ्यायला टाकीत वाकायचं मात्र अजिबात नाही, हायड्रोजन सल्फाईड जीव घेतो, मामांना मी हे रोज सांगते.)

हा आंबलेला गाळ बिनहवेच्या टाकीत सोडला, तरी आठवडाभर निळा रंग हलेना. कारण कळल्यावर वाईट वाटलं, फिल्टर प्रेसचं (गाळ दाबून पाणी काढायचं यंत्र) कापड फाटलेलं, नवीन यायला उशीर, त्यामुळे जादा गाळ बाहेर काढणंच थांबलेलं. फॉस्फरस हवेत उडत नाही हो, तो जिवाणूंच्या पोटात असतो, गाळ बाहेर गेला तरच तो जातो, आणि पडून राहिला की परत पाण्यात सुटतो. कापड बसलं, रोज गाळ काढायला लागलो आणि दोनेक आठवड्यात टेस्टट्यूब फिकट आकाशी दिसायला लागली. तोच आंबलेला गाळ थोडा अनॉक्सिक टाकीत (जिथे हवा नसते पण नायट्रेट असतं) सोडला तर नायट्रेटही उतरलं. आंबवताना अमोनिया सुटतो, त्यामुळे हवा देणारा ब्लोअर थोडा जास्त चालवावा लागतो एवढंच.

आता थंडी सुरू झालीये आणि नाशिकच्या थंडीत आंबणं मंदावतं, दोन दिवस पुरतात का तीन करावे लागतील ते रोज सकाळी ओआरपी बघून ठरवतेय.