आज ऑफिसचा पहिला दिवस

मणक्याच्या ऑपरेशनला ७ आठवडे झाले, सरकलेल्या गादीचा नसेवर दाबणारा तुकडा काढला होता, आणि आज परत ऑफिसला गेले. सकाळी कुशीवर वळून हाताने रेटा देत उठायचं, मग बेल्ट बांधायचा, यातच निम्मा दम जातो. दर ३० मिनिटांनी मोबाईलचा अलार्म, उठून दोन चकरा. दुपारी पेन खाली पडलं आणि मी नुसती बघत राहिले, वाकायचं नाही ना अजून, शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी काही न बोलता उचलून हातात दिलं, डोळेच भरून आले. पायातली ती करंटसारखी कळ गेलीये, खरंच गेलीये, पण चारपर्यंत कंबर लाकडासारखी कडक. सरांना स्पष्ट सांगितलं, उद्यापासून महिनाभर अर्धाच दिवस येईन. ते लगेच हो म्हणाले. आता गुडघ्यांखाली उशी घेऊन पडलेय.