चौतिसाव्या पिनेचा तिढा सुटला, पण एक डिस्क गेली

मंडळी, मागच्या नोंदीत माझ्या ४८६ चा (नव्वदच्या दशकातला पीसी) फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडल्याचं लिहिलं होतं. बदली ड्राइव्ह मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाला. ॲम्ब्रॉयडरी मशिनमधून निघालेला, दीडशे रुपये, हेड अगदी स्वच्छ. बसवून होईल तासाभरात असं वाटलं होतं. अकरा दिवस गेले.

पहिली अडचण तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. मशीन सुरू करताच ‘फ्लॉपी डिस्क फेल ४०’. ड्राइव्हचा जंपर, म्हणजे त्याचा क्रमांक ठरवणारी छोटी जोडणी, डीएस० वर होता. पीसीची पीळ असलेली केबल वापरायची तर तो डीएस१ वर हवा. हलवला, दिवा लागला, हेड सरकल्याचा तो खर्रर आवाज आला आणि मी खुर्चीतून उठलोच! पण ‘डिर’ (फायलींची यादी मागणारी आज्ञा) मारलं की ‘नॉट रेडी रीडिंग ड्राइव्ह ए’. डिस्क फिरतेय, दिवा लागलाय, आणि डॉस (मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणतंय ड्राइव्ह तयार नाही.

केबल बदलली. बाजारात आत्ता नव्या म्हणून मिळणाऱ्या रिबन केबलींबद्दल माझं मत वाईट आहे, दोनपैकी एकीची एक तार मुळात दाबलेलीच नव्हती. जुन्या मशीनमधून काढलेली केबलच घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, पाच व्होल्ट मोजले, कंट्रोलर कार्ड बदललं. फरक शून्य.

शेवटी डॉसमधलं डीबग उघडून थेट फ्लॉपी कंट्रोलरच्या पोर्टशी बोलायचं ठरवलं. ‘ओ ३एफ२ १सी’ दिलं की ए ड्राइव्ह निवडला जातो आणि मोटर सुरू होते. मग ‘आय ३एफ७’. येणाऱ्या बाइटचा सातवा बिट म्हणजे केबलच्या चौतिसाव्या पिनेवरचा डिस्क-चेंज सिग्नल. डिस्क काढलेली असताना तो १ हवा, आणि डिस्क घालून हेड एकदा सरकलं की ०. माझ्याकडे बरोबर उलटं. डिस्क आत असली की १, काढली की ०. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. म्हणजे हा ड्राइव्ह त्या पिनेवर ‘डिस्क बदलली’ सांगतच नव्हता, ‘मी तयार आहे’ सांगत होता. ॲम्ब्रॉयडरी मशिनला तेच लागतं. बायॉस (मशीनचा मूळ प्रोग्रॅम) बिचारं हेड हलवून तो सिग्नल पुसायला बघायचं, तो पुसला जायचा नाही, आणि डिस्कच नाही असं समजून हात टेकायचं. रात्री दोन वाजता हे उमगलं तेव्हाचा आनंद सांगता येत नाही.

ड्राइव्हच्या बोर्डावर ‘आरवाय’ (रेडी) आणि ‘डीसी’ (डिस्क-चेंज) अशा दोन जागा शेजारी शेजारी आहेत. आरवायवर तांदळाच्या कणीएवढा शून्य ओहमचा रोधक होता. तो काढला. ‘डिर’ मारलं, यादी आली. डीसीचं सोल्डरिंग उद्या करू म्हणून मी तिथेच थांबलो, आणि इथेच चुकलो.

चौतीस नंबर मोकळा सोडला की सातवा बिट कायम ० राहतो, म्हणजे डॉसच्या लेखी डिस्क कधीच बदलत नाही. मी माझी चाचणीची डिस्क काढून छापखान्याच्या गठ्ठ्यातली एक घातली. (गठ्ठा आठवत असेलच, बंद पडलेल्या छापखान्याच्या दिवाळी अंकांच्या एकोणतीस डिस्का.) दोन्ही काळ्या, दोन्हींची लेबलं गळलेली. ‘डिर’ने पहिल्याच डिस्कची यादी दाखवली. मला वाटलं चुकून तीच परत घातली, म्हणून लिहिणं जमतंय का बघायला एक फाइल कॉपी केली. डॉसने आठवणीतला जुना फॅट (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा तक्ता) नव्या डिस्कवर लिहून टाकला, तिथल्या फॅटच्या दोन्ही प्रतींवर. रूट डिरेक्टरीचा पहिला सेक्टरही गेला. खिटी सरकवून लेखनबंदी केली असती तर हे झालं नसतं. याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डीसीच्या जागेवर सोल्डरचा थेंब टाकून दोन टोकं जोडली. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि भरपूर फ्लक्स, दुसरं काही लागत नाही. आता डिस्क काढली की १, घालून ‘डिर’ मारलं की ०. सहा डिस्का आलटून पालटून घातल्या, सहाही याद्या वेगळ्या. ज्यांच्या ड्राइव्हवर डीसीची जागाच नसेल त्यांनी कॉन्फिग फाइलमध्ये ड्राइव्हपार्मच्या ओळीत ‘/डी:० /एफ:७’ द्यावं आणि ‘/सी’ गाळावं, मग डॉस त्या पिनेवर विसंबत नाही.

उरलेला गठ्ठा आज रात्रीच ४८६ वर उतरवायचा असं ठरवून हे लिहायला बसलो होतो, पण लिहितानाच बेत बदलला. ग्रीसवीझल (यूएसबीवरून फ्लॉपी ड्राइव्ह वाचणारा बोर्ड) डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, त्याला फॅटशी काही देणंघेणं नाही. हाच ड्राइव्ह त्याला जोडतो, आधी सगळ्या डिस्कांच्या प्रतिमा, मगच ४८६. बुरशी आलेल्या तीन डिस्का सगळ्यात शेवटी, नाहीतर ती बुरशी हेडला लागून पुढच्या डिस्कांवर ओरखडे.

बिघडलेल्या डिस्कचं मात्र आजच पाहिलं. १.४४ एमबीच्या डिस्कवर ० ते ३२ हे सेक्टर बूट, फॅट आणि रूट डिरेक्टरीचे, मजकूर ३३ पासून. माझ्या चाचणीच्या डिस्कवर आधीच बऱ्याच फायली असल्याने कॉपी केलेली फाइल खूप पुढे जाऊन पडली होती. छापखान्याच्या या डिस्कवरच्या फायली एका दमात लिहिलेल्या, म्हणून सलग. ३३ पासूनचे चाळीस सेक्टर एका फाइलीत उतरवले. आत नुसती रोमन अक्षरांची गिचमिड, पण अनोळखी नव्हती. विंडोज ३.१ मध्ये उघडून श्री-लिपीचा (रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारा) फॉन्ट लावला. पहिली ओळ आली, ‘अनुक्रमणिका’.