परडं साफ करून रायगड

रायगडच्या सहलीचा कागद वर्गात फिरला तेव्हा मी नववीत होतो. माणशी 850 रुपये. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते म्हणून एवढ्यात बसत होतं. तरी कागद सरांकडं परत गेला तेव्हा 38 पैकी सात जणांच्या नावापुढं काहीच नव्हतं. त्या सातांत मी एक. वडिलांचं काम दिवाळीच्या तोंडावर बंद पडलेलं, त्यामुळं घरी विचारायच्या आधीच उत्तर माहीत होतं. साताऱ्याचं पोर आणि रायगड बघितला नाही, हे ऐकायला बरं वाटत नाही, पण काय करणार.

सरांनी नावं फोडली नाहीत. फळ्यावर फक्त आकडा लिहिला, 5,950. "वर्गानं मिळून उभे करायचे. कुणाकुणासाठी, ते विचारायचं नाही."

गोडोलीत राहणारी एक मुलगी म्हणाली, "आमच्या शेजारच्या काकू परडं साफ करायला माणूस शोधतायत." पाऊस नुकताच उघडला होता. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या त्या बंगल्यांमागं गवत कमरेला लागत होतं, आणि दिवाळीआधी ते निघायला हवं असं प्रत्येक घरात चाललेलं. मुख्याध्यापकांनी पालकांची संमतीपत्रं मागितली. झाडावर चढायचं नाही, कोयता हातात घ्यायचा नाही, औषध फवारायचं नाही, या अटींवर रविवार मोकळे मिळाले. एकाची आई म्हणाली, "शाळेत काय गवत उपटायला घातलंय का?" तो दुसऱ्या रविवारपासून आला. आईच डबा देऊन सोडायला आली होती.

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण. दोन खुरपी, एक घमेलं, एक खराटा. काकूंनी विचारलं, किती घेणार? आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि कुणीतरी "दीडशे" म्हणाला. काकू लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच, की तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी आठ ते दुपारी एक. मधे चहा-चिवडा मिळाला, तो मात्र भरपूर. गाजर गवत आम्ही उघड्या हातांनी ओढलं आणि एकाच्या कोपरापर्यंत लाल चट्टे उठले. ही पीडा 1950 च्या दशकात पहिल्यांदा पुण्यात दिसली असं विज्ञानाच्या सरांनी नंतर सांगितलं. बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर आली म्हणतात. मोजे हातात घालायची अक्कल आम्हाला पुढच्या रविवारी आली. त्यात भर म्हणजे कुंपणालगतची गवतासारखी पात मी मन लावून उपटली, तो काकूंचा निशिगंध होता. कंदासकट घमेल्यात पडलेला. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ते जास्त लागलं.

फाटकाबाहेर एक मावशी कधीच्या उभ्या होत्या. त्या गल्लीत खुरपणीला त्याच यायच्या.

"किती घेतलं रं?"

"दीडशे."

"पाच जणांनी? सकाळधरनं?" त्या हसल्या नाहीत. "माझी हजेरी तीनशे हाय. तुमी दीडशेत करून दिलं, आता मला कोण बोलावंल?"

आम्ही गप्प. सहलीचं सांगितलं. फंड वगैरे शब्द त्यांच्यापुढं फारच पोकळ वाटले. मावशी आत आल्या, घमेल्यातले कंद उचलले, "माती झाडू नका, हाय तशी लावा, धरत्याल," म्हणाल्या आणि दोन मिनिटांत सगळे लावून मोकळ्या झाल्या. मग माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. मी लव्हाळा वरून ओढत होतो. त्यांनी खुरप्याचं टोक बाजूला तिरकं रोवलं, माती उचलली आणि पातीखालची काळी गाठ काढून माझ्या तळहातावर ठेवली. हरभऱ्याएवढी. तिला बारीक दोऱ्यासारखं मूळ, त्याला पुढं आणखी एक गाठ. "ही आत ऱ्हायली की आठ दिसात परत वर. नुसतं वरचं वडलं म्हंजे गवताची हजामत झाली."

सोमवारी वर्गात जोरात भांडण झालं. काही जण म्हणत होते, आपलं काम चांगल्यासाठी आहे, मावशींना काय कमी घरं आहेत. मला ते पटत नव्हतं, पण सातांतला असल्यामुळं तोंड उघडवत नव्हतं. शेवटी गोडोलीवाल्या मुलीनंच विषय संपवला: मावशींना बरोबर घ्यायचं, आधी त्यांची हजेरी, उरेल ते फंडात, आणि कुठल्याही परड्याचे 900 च्या खाली नाही.

भाव ऐकून दोन घरं गळाली. "अहो, आपलीच पोरं ना तुम्ही," असं म्हणून एका काकांनी पाचशेवर आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. मावशी पदर खोचत म्हणाल्या, "पोरं आपली, गवत बी आपलंच. मग ऱ्हाऊ द्या की." काकांनी 900 दिले.

मावशी आल्यावर काम निम्म्या वेळात व्हायला लागलं. गवतात शिरण्याआधी काठीनं बडवून घ्यायचं, हे त्यांचंच. दहा-बारा पोरं झाली तसं वाटून घेतलं: खुरपायला मावशींच्या हाताखाली चौघं, बाकीच्यांनी पाचोळा, कुंड्यांची माती बदलणं, गच्चीवरचं शेवाळ. शेवाळाचं काम सगळ्यात घाण, त्यासाठी चिठ्ठ्या टाकायचो.

चार रविवारांचा हिशेब माझ्या वहीत अजून आहे. हजेरी वजा जाता 150, 1,500, 2,100 आणि 2,250. एकूण 6,000. उरलेल्या 50 रुपयांची लिंबं आणि आवळा सुपारी घेतली, कारण महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरायचा होता. ती पोलादपूरच्या आधीच संपली. तरी दोघांनी खिडकी धरली.

गडाबद्दल काय लिहू, पायऱ्या सगळ्यांनीच चढल्यात. जगदीश्वराच्या देवळापाशी बसून डबे खाल्ले तेव्हा सातांतले बाकीचे सहा कोण, हे मी मोजायचा प्रयत्न केला. तिघांपुढं गेलो नाही.

परत आल्यावर आठवड्याभरानं गोडोलीवाल्या मुलीच्या फोनवर मावशींचा फोन. काकूंच्या निशिगंधाला नवी पात आलीय, आणि सदर बाजारात एका बंगल्याचं परडं आहे.

"येताय का? पर तीनशेच्या खाली हजेरी घ्यायची न्हाई. तुमची बी."