जोत्याच्या दगडाचं वय

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. वय काढणं हेच माझं काम, पण दगडांचं. शाळा 75 वर्षांची. तिच्या जोत्याला लावलेला काळा फत्तर साधारण 6.6 कोटी वर्षांचा. आम्ही कितीही नेटानं मोजलं तरी त्या आकड्यात काही लाख वर्षं इकडेतिकडे होतातच.

लग्नकार्यात भेटणारी मंडळी हमखास विचारतात, "म्हणजे कार्बन डेटिंग ना?" नाही हो. ते लाकूड-हाडांसाठी, आणि फार तर पन्नासएक हजार वर्षांपर्यंत. आमच्या फत्तरात बघायचं ते पोटॅशियम. त्याच्या दहा हजारांतला जेमतेम एक अणू किरणोत्सारी असतो आणि असे अणू निम्मे व्हायला 125 कोटी वर्षं लागतात. म्हणजे ज्या लाव्हाचा हा फत्तर झाला तो थिजल्यापासून आजवर शंभरातले साडेतीनच फुटले! त्यातल्याही दहाव्या हिश्श्याचाच आर्गॉन वायू होतो, उरलेल्यांचं कॅल्शियम. लाव्हा पातळ असताना आधीचा आर्गॉन उडून जातो, थिजल्यावर नवा आत अडकतो. तेवढ्यावर सगळा हिशोब. त्यात हवेतला आर्गॉन मिसळलेला असतो, तो वजा करायचा. दगड कुजका निघाला तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून ताजा तुकडा शोधण्यातच अर्धा जीव जातो. मग स्फटिक वेचायचे, अणुभट्टीतून न्यूट्रॉनचा मारा करून आणायचे आणि टप्प्याटप्प्यानं तापवत बाहेर पडणारा वायू मोजायचा.

शेवटचं गणित लॉगचं. आपल्या गणिताच्या बाई लॉगची पुस्तिका काढायला लावत तेव्हा मागच्या बाकावर आमची कुरकुर चाले. उत्तरापुढे एकक नसेल तर बाई अर्धा मार्क कापत. आमच्या धंद्यात वयापुढे अधिक-उणे नसेल तर अख्खं उत्तरच कापतात, आणि ते योग्यच आहे.

सह्याद्रीबाबत तर सगळं भांडण या अधिक-उण्याचंच. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. त्यात राखेबरोबर आलेले झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडतात. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसं मात्र घेत नाही. त्यामुळे आत सापडलेलं जवळपास सगळं शिसं युरेनियमपासूनच झालेलं. त्यावरून वय काही दहा हजार वर्षांच्या फरकानं कळतं. 2019 साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले, एक झिरकॉनवाल्यांचा, एक आर्गॉनवाल्यांचा. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, यावर दोघांचं एकमत. पण डायनोसॉर संपले त्या सुमारास मेक्सिकोत जी उल्का पडली, तिच्याआधी किती आणि नंतर किती, यावर नाही. झिरकॉनवाले म्हणतात मोठा उद्रेक आधीच झाला. आर्गॉनवाले म्हणतात तीन चतुर्थांश लाव्हा नंतरचा. मी आर्गॉनवाली, तेव्हा माझं मत विचारू नका.

आता एक मागणं. शाळेची सहल महाबळेश्वरला जातेच. पॉइंट आणि स्ट्रॉबेरी झाली की नववीच्या मुलांना आंबेनळी घाटात थोडं खाली न्या. रस्त्याच्या कापात काळे थर आणि मधले तांबडे पट्टे दिसतात. कळवलंत तर मीही येईन. फक्त शनिवार-रविवार नको, वळणांवर गाड्या फार असतात.