गळ्यात तिफण आणि सोलापूरची वारी

भाची पुण्यात आर्ट कॉलेजला आहे, फायनल प्रोजेक्ट म्हणजे अंगावर घालायचं शिल्प, विषय शेतीची अवजारं. मला वाटलं विळ्याचं पेंडंट वगैरे असेल, पण बाईसाहेबांच्या वहीत अख्खी तिफण, म्हणजे बैलामागचं पेरणीचं अवजार! बी टाकायचं चाडं हनुवटीखाली, बी खाली सोडणारे तिन्ही नळे छातीवरून खाली आणि जमिनीत घुसणारे टोकदार फण पोटाशी. आता हे पुण्यात कोण करून देणार, म्हणून फेब्रुवारीत हुतात्मा एक्स्प्रेस पकडून आम्ही दोघी सोलापूरला.

सकाळी एका लोहारमामांकडे गेलो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची खुरपी करत होते. वही बघितली आणि म्हणाले, "काय करलालाव ओ हे? बैलामागचं माणसाच्या गळ्यात?" पण केलं हां, पाटा लालभडक करून ऐरणीवर असे काय फण वळवले की मी चहा प्यायचा विसरले. भाचीने धारेचं विचारलं तर म्हणे, "पाणीच देत नाही ह्याला, उगं पोट फाटंल तुझं." (पाणी देणं म्हणजे तापलेलं लोखंड पाण्यात बुडवून कडक करणं.) चाडं त्यांच्याकडे पडलेल्या मोडक्या तिफणीचं मिळालं. पैसे लोखंडाच्या वजनावर, कलेचे शून्य.

दुसऱ्या दिवशी एसटीने मंगळवेढा. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. काळी जमीन, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हे पीक येतं आणि काढणीपर्यंत रानात भेगा पडलेल्या असतात, माझी चप्पल दोनदा अडकली. ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणून बायका बोटांना चिंध्या गुंडाळतात. (दुपारी त्यांनीच कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

भाचीने शिल्प चढवलं, ज्वारीचं ताट उपटायला वाकली, आणि चाडं खाडकन हनुवटीवर. एक मावशी म्हणाल्या, "हे घालून वाकता यिना, मग कशाचं अवजार गं?" मग काढून ठेवलं आणि मावशींनी स्वतःच्या चिंध्या तिच्या बोटांना बांधल्या. पाच-सात ताटं उपटली असतील, तरी फोड आलाच.

संध्याकाळी तिने त्या चिंध्या मागितल्या, हवे तर पैसे देते म्हणाली, शिल्पात लावायच्या होत्या. मावशींनी सोडवून घेतल्या आणि कनवटीला खोचल्या.

"मग उद्या मी काय बांधू?"