सहाव्या ओळीत अडलेली पिल्लं

शनिवारच्या स्पॅनिश वर्गात बारा मुलं होती, पाचवी ते आठवीतली. गाणं होतं ‘लोस पोयीतोस दीसेन’, म्हणजे ‘पिल्लं म्हणतात’. चिलीचे कवी इस्माएल पार्रागेस यांनी १९०७ साली छापलेली ही कविता आज लॅटिन अमेरिकेत लोकगीतासारखी गायली जाते. ओळी बारा, प्रत्येकीत अक्षरं सहा; अक्षर म्हणजे इथे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, म्हणून ‘लोस’ हे एकच अक्षर. सहा अक्षरांचा चरण आपल्या कानाला अभंगामुळे सवयीचा आहे: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी. म्हणून हे गाणं मी नेहमी टाळ्यांवर घेते. पहिल्या चार अक्षरांना एकेक मात्रा, शेवटच्या दोघांना दोन-दोन. आठ मात्रा, सरळ केरवा.

तिसऱ्या ओळीत पहिली अडचण आली. ‘क्वान्दो त्येनेन आंब्रे’, भूक लागते तेव्हा. मुलं ‘ति-ए-नेन’ म्हणत होती, त्यामुळे सात अक्षरं होत आणि शेवटचं टाळीच्या बाहेर पडे. ‘त्ये’ हे एकच अक्षर आहे, जोडाक्षरासारखं. हे सांगताच जमलं. ‘गायीना’ ऐकून एकाने वहीत गाय काढली. गायीना म्हणजे कोंबडी. शब्दाआधी चित्र दाखवायला हवं होतं, ती चूक माझी.

सहाव्या ओळीत मात्र सगळे थांबले. कोंबडी मका आणि गहू शोधते, अशी ती ओळ. मी वाटलेल्या कागदावर होतं: ‘एल माईस इ एल त्रीगो’. मोजलं तर सात. आठवी ओळ ‘इ लेस प्रेस्ता आब्रीगो’, पिलांना ऊब देते, तीही सात. शेवटची ‘आस्ता एल ओत्रो दीआ’, दुसऱ्या दिवसापर्यंत, तीही सात. मुलं सातवं अक्षर कोंबायला घाई करत, आणि ज्या पाचव्या अक्षरावर नेहमी जोर पडतो ते भलत्याच मात्रेवर जाई.

दोष कागदाचा होता. मी शब्द सुटे लिहिले होते. स्पॅनिश गाताना एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्याच्या पहिल्या स्वराला चिकटतो आणि दोन्ही मिळून एक अक्षर होतं. याला तिकडे सिनालेफा म्हणतात. मी फळ्यावर ‘इ एल’ पुसून ‘येल’ लिहिलं, तेव्हा आठवीतली, संस्कृत घेतलेली मुलगी म्हणाली, “ताई, ही तर यण् संधी! इति अधिक आदि, इत्यादि.”

इतकी वर्षं शिकवूनही मला हे सुचलं नव्हतं. मग आम्ही बाकीच्या दोन ओळी तिच्या नियमाने तपासल्या. प्रेस्ता-आब्रीगो: ‘प्रेस्ताब्रीगो’, सवर्णदीर्घ संधी, म्हणजे दोन सारखे स्वर मिळून एक दीर्घ. फरक इतकाच, की स्पॅनिशमध्ये स्वर लांबत नाही. आस्ता-एल: सदैव मधल्या ‘आ अधिक ए’ची जोडी. इथे पूर्ण ‘ऐ’ होत नाही, दोन्ही स्वर ऐकू येतात, पण एकाच मात्रेत. तिन्ही ओळी सहावर आल्या.

लगेच मुलं सगळीकडेच संधी करू लागली, ‘माईस’चा ‘मेस’ झाला. इथे स्पॅनिश लिपी स्वतःच सांगते: इ वर तिरकी रेघ असली की तो स्वर शेजाऱ्यात मिसळत नाही. मा-ईस, पी-ओ, फ्री-ओ, दी-आ. ही रेघ देवनागरीत उतरवताना हरवते. आता मी तिथे दीर्घ ई लिहून मध्ये आडवी रेघ देते, आणि जिथे स्वर चिकटतात तिथे दोन शब्दांखाली कमान काढते.

व्यंजनंही सरकतात: ‘दोस आलास’, दोन पंख, गाताना ‘दो-सा-लास’ होतं. दहाव्या ओळीत मात्र एकच शब्द आहे, ‘आकुर्रुकादीतोस’, म्हणजे कुशीत गुरफटलेली. तो शेवटाकडून बसवावा: तोस, दीतोस, कादीतोस, मग ‘र्रु’ जोडावा. हा र जीभ दोन-तीनदा थरथरवून येतो. साधा र काढला तर मोजणी बिघडत नाही, पण उच्चार चुकतो. त्या शनिवारी बारापैकी सात मुलांना तो आला. बाकीच्यांना मी घरी ‘र्र’ काढून रिक्षाचा आवाज करत सराव करायला सांगितलं.